'महात्मा' नावाचा हिशेबनीस : ब्रँच रिकी

ओट्यावरचा | मंगळवार, रात्री ११:१०

आपल्याकडे 'महात्मा' म्हटलं की दोनच माणसं डोळ्यांसमोर येतात, फुले आणि गांधी. ब्रुकलिनच्या क्रीडापत्रकारांनी १९४० च्या दशकात तिसरा एक महात्मा करून ठेवला होता. जाड भुवया, बो टाय, तोंडात सिगार, आणि बायबलातले दाखले देत देत समोरच्या खेळाडूचा पगार कमी करण्यात हातखंडा. नाव ब्रँच रिकी. टॉम मीनी या पत्रकाराने त्याला हे टोपणनाव दिलं. जॉन गुंथरने गांधींबद्दल लिहिताना म्हटलं होतं की हा माणूस म्हणजे देव, आपला बाप आणि टॅमनी हॉल यांचं अजब मिश्रण आहे. (टॅमनी हॉल म्हणजे न्यूयॉर्कच्या राजकारणातली बडी टोळी. मतं, नोकऱ्या, ठेके, सगळं तिथून हलायचं.) ते वाचून मीनीला रिकी आठवला.

मागे आयपीएल लिलावाच्या धाग्यावर कुणीतरी म्हणालं होतं की खेळणाऱ्यांवर ढीगभर लिहिलं जातं, संघ बांधणाऱ्यावर कुणी लिहीत नाही. ते डोक्यात राहिलं होतं.

आधी शब्दाचा घोळ मिटवू. बेसबॉलमध्ये 'फ्रंट ऑफिस' म्हणजे स्वागतकक्ष नव्हे. कुणाला घ्यायचं, कुणाला विकायचं, कुणाला किती पैसे द्यायचे, गावोगाव कुठले हेर फिरवायचे हे ठरवणारी कचेरी. तिचा प्रमुख जनरल मॅनेजर. मैदानावर डावपेच लढवणारा 'मॅनेजर' वेगळा.

खेळाडू म्हणून रिकी यथातथाच. ओहायोतल्या मेथडिस्ट शेतकरी घरातला मुलगा, रविवारी खेळणार नाही असा आईला शब्द दिलेला. सिनसिनाटीने याच कारणावरून त्याला न खेळवताच घरी पाठवलं. पुढे तो सेंट लुइस ब्राउन्स आणि न्यूयॉर्क हायलँडर्सकडून कॅचर म्हणून खेळला. कॅचर म्हणजे आपला यष्टिरक्षक समजा, फक्त पळणाऱ्या धावकाला चेंडू फेकून बाद करण्याची मोठी जबाबदारी त्याच्यावर असते. २८ जून १९०७ ला रिकीचा खांदा दुखत होता आणि वॉशिंग्टनच्या पोरांनी एकाच सामन्यात त्याच्या नाकासमोरून १३ वेळा बेस चोरला. (बेस म्हणजे धावकाचा थांबा. फलंदाजाने चेंडू मारलेला नसताना पुढच्या थांब्यावर पळून जाणं म्हणजे तो चोरणं.) हा विक्रम आजही त्याच्या नावावर आहे. त्यानंतर क्षयरोग झाला, त्यातून उठून मिशिगन विद्यापीठात वकिली शिकला, आयडाहोत बॉइझी गावी वकिलीचं दुकान मांडलं, ते चाललं नाही. मग झक मारत बेसबॉलकडे परत, पण या वेळी कचेरीच्या दाराने.

खरी गोष्ट सुरू होते १९१७ नंतर, सेंट लुइस कार्डिनल्समध्ये. क्लब इतका कडका की नवा गणवेश घ्यायचा म्हणजे विचार करावा लागे. रिकीचे हेर खेड्यापाड्यांतून चांगला पोरगा शोधून काढत. बातमी फुटली की न्यूयॉर्क किंवा शिकागोचा श्रीमंत क्लब जास्त पैसे मोजून पोरगा उचलून नेई. शोध आमचा, माल त्यांचा! यावर रिकीचा उपाय असा की विकत घेता येत नाही ना, मग पिकवू. ह्यूस्टन, फोर्ट स्मिथ, सिराक्यूज अशा छोट्या गावांतल्या छोट्या लीगच्या क्लबांत त्याने हिस्सा घ्यायला सुरुवात केली. पोरं तिथे वाढणार, तिथेच शिकणार, पिकली की वर येणार. लोक याला चेष्टेने 'फार्म' म्हणाले आणि नाव कायमचं चिकटलं. आज प्रत्येक मोठ्या क्लबची अशी 'फार्म सिस्टिम' आहे.

१९२५ मध्ये मालक सॅम ब्रेडनने त्याला मैदानी मॅनेजरपदावरून काढलं आणि नुसतं कचेरीत बसवलं. रिकीला ते फार लागलं. पण पुढच्याच वर्षी, १९२६ मध्ये, कार्डिनल्स पहिल्यांदा वर्ल्ड सिरीज (दोन मोठ्या लीगांच्या विजेत्यांमधली अंतिम लढत) जिंकले. मग १९३१, १९३४, १९४२. ऐन भरात असताना ३० हून अधिक छोटे संघ कार्डिनल्सच्या शेतात होते आणि शेकडो पोरं कराराने बांधलेली.

दोन सूत्रं होती त्याची. एक, गुणवत्ता संख्येतून निघते, म्हणून भरपूर पेरा. दोन, खेळाडू एक वर्ष उशिरा विकण्यापेक्षा एक वर्ष आधी विकलेला बरा. जादा पिकलेली पोरं तो इतर क्लबांना विकायचा आणि आलेल्या पैशांत त्याचा स्वतःचा टक्का असायचा. बेसबॉलचा आयुक्त केनेसॉ माउंटन लँडिस (काय नाव आहे!) याला ही शेती अजिबात पसंत नव्हती. १९३८ मध्ये त्याने कार्डिनल्सची सत्तरहून अधिक पोरं एका फटक्यात करारमुक्त केली.

ब्रुकलिनचं उद्या लिहितो. झोप आली.

चिंचपोकळी लोकल | मंगळवार, रात्री ११:४८

वाचनखूण साठवली. एक शंका. रविवारी खेळणार नाही हे ठीक, पण मालकाच्या कचेरीत गेल्यावर रविवारच्या सामन्यांचं काय? गर्दी तर रविवारीच होणार.

ओट्यावरचा | बुधवार, सकाळी ७:०५

नेमकं बोट ठेवलंत. रिकी रविवारी मैदानात पाऊल ठेवत नसे. संघ मात्र खेळत असे आणि रविवारचा गल्ला व्यवस्थित जमा होत असे. याच्यावरून पत्रकारांनी त्याला आयुष्यभर सोलून काढलं. दारू नाही, शिवी नाही, रागाचा कडेलोट झाला की तोंडातून 'जूडास प्रीस्ट!' एवढंच निघायचं. सत्यनारायणाला सोवळ्यात बसलेला माणूस डोळ्याच्या कोपऱ्यातून तबकातल्या नोटा मोजतोय, असं काहीसं.

अटकमटक | बुधवार, सकाळी ९:३०

लई भारी लिवलंय. पण ते 'फार्म' प्रकरण वाचून मला आमच्याकडच्या तालमी आठवल्या. वस्ताद पोरगं लहानपणी हेरतो, खुराक देतो, घडवतो. फरक एवढाच की वस्ताद पोरगं विकत नाही. शेकडो पोरं करारानं बांधून ठेवायची आणि त्यातली पाच-दहा वर जाणार, बाकीच्यांचं काय होत आसंल?

शंकासुर | बुधवार, सकाळी १०:१५

अटकमटक, त्यांचं हेच होत असे की ती त्याच शेतात कुजत. त्या काळच्या करारात 'रिझर्व्ह क्लॉज' नावाचं कलम असे. करार संपला तरी खेळाडू क्लबच्याच मालकीचा. दुसरीकडे जायची मुभा नाही. म्हणजे रिकीने पगार वाढवायला नकार दिला तर पर्याय दोनच, आहे तेवढ्यावर खेळा नाहीतर घरी बसून शेती करा. त्याच्या ऑफिसला पत्रकार 'वाऱ्यांची गुहा' म्हणत. तो तासभर प्रवचन द्यायचा आणि खेळाडू बाहेर आल्यावर त्याच्या ध्यानात यायचं की आपण कमी पैशांवर सही करून आलो. 'एल चीपो' हेही त्याचंच टोपणनाव आहे, धागाकर्त्याने सोयीस्करपणे गाळलेलं.

आणि आता उद्या जॅकी रॉबिन्सनची आरती होणार, तयारीत आहे.

ओट्यावरचा | बुधवार, रात्री १०:४०

आरती नाही, पण गोष्ट सांगावी लागेलच.

१९४२ च्या शेवटी रिकी ब्रुकलिन डॉजर्समध्ये आला. वय ६० पार. तोपर्यंत मोठ्या लीगमध्ये एकही काळा खेळाडू नव्हता. १८८० च्या दशकानंतर नव्हताच. लिखित नियम कुठेच नाही, फक्त एक समजूत, जी सगळे पाळत होते. आपल्याला अशा समजुती नव्याने समजावून सांगायची गरज नाही.

रिकीने बाहेर सांगितलं की काळ्या खेळाडूंच्या नव्या लीगमध्ये 'ब्राउन डॉजर्स' नावाचा संघ काढतोय, त्यासाठी हेर फिरतायत. खुद्द बऱ्याच हेरांनाही तेच माहीत होतं. २८ ऑगस्ट १९४५ ला क्लाइड सुकफोर्थ हा हेर जॅकी रॉबिन्सनला घेऊन ब्रुकलिनच्या माँटेग्यू स्ट्रीटवरच्या कचेरीत आला. रॉबिन्सन २६ वर्षांचा, काळ्यांच्या वेगळ्या लीगमधल्या कॅन्सस सिटी मोनार्क्सचा खेळाडू. विद्यापीठात चार खेळांत चमकलेला, सैन्यात लेफ्टनंट. टेक्सासमधल्या छावणीत बसच्या मागच्या भागात जायला नकार दिला म्हणून १९४४ मध्ये कोर्टमार्शल झालेलं आणि त्यातून निर्दोष सुटलेला. म्हणजे मुकाट ऐकून घेणारा नव्हेच.

त्या खोलीत जवळजवळ तीन तास जे चाललं ते रॉबिन्सनने स्वतः सांगून ठेवलंय. रिकीने कोट काढला आणि सोंगं घ्यायला लागला. आता तो खोली नाकारणारा हॉटेलचा कारकून, आता वेटर, आता आईवरून बोलणारा प्रतिस्पर्धी. अंगावर धावून जात होता, मूठ नाकापाशी नेत होता. रॉबिन्सनने विचारलं, तुम्हाला उलट वार करायला घाबरणारा खेळाडू हवाय का? रिकीचं उत्तर असं की मला उलट वार न करण्याइतकी हिंमत असलेला हवाय.

करार झाला. ३,५०० डॉलर बोनस, महिना ६०० डॉलर, आणि आधी एक वर्ष माँट्रियलला. हे माँट्रियल रिकीच्याच शेतातलं. कॅनडात वातावरण निवळलेलं, पोराला रुळायला जागा. १९४६ मध्ये रॉबिन्सनने तिथे लीगमधली सर्वोत्तम फलंदाजी सरासरी काढली. पुढच्या वसंतात सरावाचा तळ रिकीने फ्लोरिडाऐवजी हवानाला नेला, कारण फ्लोरिडात गोऱ्या-काळ्यांना वेगळं ठेवण्याचे कायदे होते. संघातल्याच काहींनी रॉबिन्सनविरुद्ध अर्ज फिरवायचा घाट घातला, तो मोडून काढला. १५ एप्रिल १९४७ ला एबेट्स फील्डवर रॉबिन्सन पहिला सामना खेळला. त्या वर्षीचा सर्वोत्तम नवोदित तोच, डॉजर्स लीगविजेते, आणि घरच्या मैदानावरचे प्रेक्षक १८ लाखांवर.

तो शेवटचा आकडा शंकासुरसाठी.

बे एरिया काकू | बुधवार, रात्री ११:३०

आमचे हे न्यूयॉर्कला होते तेव्हा मी मुद्दाम एबेट्स फील्डची जागा बघायला गेले होते. मैदान १९६० मध्येच पाडलंय. तिथे आता उंच उंच इमारती. एका आजींना विचारलं, इथे मैदान कुठे होतं? त्यांनी पार्किंगकडे हात केला. आपल्याकडे निदान एखादा चौक तरी नावाचा झाला असता. नंतर त्याच्यावर हातगाड्या लागल्या असत्या ते सोडा.

ओट्यावरचा, ती कृष्णवर्णीय विद्यार्थ्याची गोष्ट राहिली का? कॉलेजातली.

ओट्यावरचा | गुरुवार, सकाळी ७:२०

काकू, मुद्दाम ठेवली होती. १९०३ च्या सुमारास रिकी ओहायो वेस्लियन कॉलेजच्या संघाचा प्रशिक्षक होता. संघात चार्ल्स थॉमस नावाचा काळा कॅचर. इंडियानात साउथ बेंडला हॉटेलवाल्याने त्याला खोली नाकारली. रिकीने हुज्जत घालून स्वतःच्या खोलीत त्याच्यासाठी खाट टाकून घेतली. रात्री पाहतो तर थॉमस रडत रडत हाताची कातडी ओरबाडतोय, ही गोरी झाली असती तर, म्हणत. रिकी म्हणे की ते दृश्य ४० वर्षं डोक्यातून गेलं नाही.

अडचण एवढीच की खोलीतल्या रात्रीचं वर्णन आपल्यापर्यंत आलं ते बहुतेक रिकीच्याच तोंडून, आणि रिकी अव्वल दर्जाचा कीर्तनकार होता. थॉमस पुढे दंतवैद्य झाला. दोघांची मैत्री टिकली, हे मात्र खरं.

शंकासुर | गुरुवार, सकाळी ११:०५

आला १८ लाखांचा आकडा, धन्यवाद. माझंच काम सोपं केलंत.

आता न सांगितलेल्या गोष्टी. एक, 'पिट्सबर्ग कुरियर'मधला वेंडेल स्मिथ आणि इतर काळे पत्रकार वर्षानुवर्षं ही भिंत पाडायला लेखणी झिजवत होते. डाव्या 'डेली वर्कर'चा लेस्टर रॉडनीसुद्धा. रॉबिन्सनचं नाव रिकीला सुचवणाऱ्यांत स्मिथ होता. दोन, न्यूयॉर्क राज्याने १९४५ मध्येच नोकरीत वंशभेद करायला बंदी घालणारा कायदा केला. तीन, आयुक्त लँडिस नोव्हेंबर १९४४ मध्ये वारला. चार, काळे सैनिक युद्धातून परतत होते आणि हिटलरशी लढलेल्या माणसाला शॉर्टस्टॉपला (क्षेत्ररक्षणातली एक जागा) उभं करायला नकार कसा द्यायचा, हे कुणालाच सांगता येत नव्हतं. दार किलकिलं झालेलं होतं. रिकीने ढकललं, ठीक आहे. पण दार त्याने बनवलं नव्हतं आणि कडीही त्याने काढली नव्हती.

पाच, आणि हे मला सगळ्यात खुपतं. रॉबिन्सनसाठी त्याने कॅन्सस सिटी मोनार्क्सला किती पैसे दिले? शून्य. त्या लीगांत धड करारच नसतात असं म्हणून दमडी दिली नाही. डॉन न्यूकमला न्यूअर्क ईगल्सकडून असाच उचलला. त्या क्लबचा कारभार एफा मॅनली ही बाई बघायची, तिने जाहीर बोंब मारली. त्याच १९४७ मध्ये क्लीव्हलंडच्या बिल व्हीकने तिच्याचकडून लॅरी डोबीला घेतलं तेव्हा १५ हजार डॉलर मोजले. म्हणजे द्यायची इच्छा असेल तर देता येत होते. चांगले खेळाडू गेले, मागोमाग प्रेक्षक गेले, आणि काळ्यांच्या मालकीचे ते क्लब काही वर्षांत बुडाले. तुमच्या महात्म्याने देऊळ खुलं केलं आणि दानपेटी घरी नेली.

ओट्यावरचा | गुरुवार, दुपारी १:४०

शेवटचं वाक्य जपून ठेवतोय. पाचव्या मुद्द्यावर माझ्याकडे उत्तर नाही. त्याने पैसे द्यायला हवे होते, बस. एफा मॅनली २००६ मध्ये हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे बेसबॉलच्या दिग्गजांच्या सन्मानयादीत गेली. तिथे जागा मिळालेली ती आजवरची एकमेव बाई.

पण पहिल्या चार मुद्द्यांवर वाद घालतो. दार किलकिलं होतं तर ते सगळ्या १६ क्लबांना दिसत होतं. एप्रिल १९४५ मध्ये बॉस्टनच्या फेनवे पार्कवर याच रॉबिन्सनची चाचणी झाली होती. शहराच्या एका नगरसेवकाने दबाव आणला म्हणून. रेड सॉक्सने बघितलं, मान डोलावली आणि परत कधी कळवलं नाही. त्यांच्या संघात पहिला काळा खेळाडू उतरला १९५९ मध्ये, १६ क्लबांत सगळ्यात शेवटी. कायदा, वर्तमानपत्रं, युद्ध सगळ्यांसाठी सारखंच होतं. कुणी तरी आपली कचेरी, आपला पैसा, आपलं नाव पणाला लावून सही करावी लागते.

मला तरी 'मनातून की गल्ल्यासाठी' हा प्रश्नच चुकीचा वाटतो. या माणसाची सगळी कारकीर्द एकाच नजरेवर उभी आहे. बाजाराने ज्याची किंमत कमी लावलीय ते हुडकायचं. आधी खेड्यातली पोरं. मग काळे खेळाडू, ज्यांची किंमत सगळ्या बाजाराने मिळून शून्य धरली होती. १९४७ मध्येच त्याने माँट्रियलचा अ‍ॅलन रॉथ नोकरीला ठेवला. प्रत्येक चेंडूची नोंद करणारा पूर्णवेळ आकडेशास्त्रज्ञ, त्या काळी असा दुसरा नव्हता. फलंदाज किती वेळा बेसवर पोचतो याला सरासरीपेक्षा जास्त वजन द्या, हे ते दोघं तेव्हा सांगत होते. बाकीच्यांना पटायला पन्नास वर्षं लागली.

फिरकी | गुरुवार, रात्री ९:१५

इथे बाळू पालवणकरांचं नाव निघेल म्हणून दोन दिवस वाट बघत होतो. कुणी काढत नाही तर मीच काढतो.

पालवणकर चर्मकार समाजातले, जन्म १८७६. पुण्यात इंग्रजांच्या जिमखान्यात मैदानाची निगा राखायचे, जाळी लावायचे आणि साहेबांना सरावाला चेंडू टाकायचे. पगार महिना ४ रुपये. डावखुरी फिरकी अशी की पुण्याच्या हिंदू क्लबालाही त्यांना घ्यावं लागलं, कारण युरोपियनांना हरवायचं होतं. मैदानात एकाच चेंडूला सगळ्यांचे हात लागलेले चालत. चहाची वेळ झाली की यांना बाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यात. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात ११४ बळी घेतले. रॉबिन्सन जन्मायच्याही आठ वर्षं आधी.

म्हणजे आपल्याकडे खेळाडू होता. नव्हता तो रिकी. जिमखान्याच्या कमिटीत एकही माणूस असा निघाला नाही की जो म्हणेल, आमचा सगळ्यात मोठा गोलंदाज हाच आमचा कर्णधार. बाळूंना हिंदू संघाचं कर्णधारपद शेवटपर्यंत मिळालं नाही. १९२० मध्ये भावांनी निषेध म्हणून माघार घेतली, वर्तमानपत्रांत वाद पेटला, तेव्हा कुठे १९२३ मध्ये धाकटा भाऊ विठ्ठल कर्णधार झाला. आणि त्या वर्षी हिंदूंनी चौरंगी स्पर्धा (युरोपियन, पारशी, मुसलमान आणि हिंदू संघांमधली) जिंकली.

शंकासुर | गुरुवार, रात्री ९:५०

फिरकी, उदाहरण जबरदस्त, पण ते माझ्या बाजूने पडतंय. पालवणकरांना रिकी लागला नाही. भाऊ अडून बसले आणि कमिटीला वाकावं लागलं.

फिरकी | गुरुवार, रात्री १०:०२

वाकायला तीन वर्षं लागली आणि तोवर बाळूंचे दिवस संपले होते. रॉबिन्सन पहिल्या सामन्यात २८ वर्षांचा होता. कचेरीत माणूस असला की वर्षं वाचतात. खेळाडूच्या आयुष्यात वर्षं मोजकीच असतात हो.

अटकमटक | गुरुवार, रात्री १०:३०

दोघांस्नी मान्य. आता फुडचं सांगा. ब्रुकलिनातनं त्याला घालवला का त्यो गेला?

ओट्यावरचा | शुक्रवार, रात्री ११:००

फिरकी, 'नव्हता तो रिकी' हे वाचून थोडा वेळ गप्प बसलो होतो. आभार.

अटकमटक, घालवला. पण जाता जाता त्याने जो हात मारला तो ऐका. डॉजर्समध्ये रिकीचा २५ टक्के हिस्सा होता. १९५० मध्ये दुसरा भागीदार वॉल्टर ओ'मॅली याने सूत्रं हातात घेतली आणि हिस्सा पडेल भावात घ्यायचा बेत केला. करारात अट होती की बाहेरच्या कुणी जी बोली लावली तेवढी भागीदाराने द्यायची. रिकीने जमीनजुमल्यातला एक बडा व्यापारी, विल्यम झेकेनडॉर्फ, उभा केला. त्याची बोली १० लाख ५० हजार डॉलर! ओ'मॅलीला दातओठ खात तेवढे मोजावे लागले. त्यानंतर ओ'मॅलीच्या कचेरीत रिकीचं नाव काढणाऱ्याला एक डॉलर दंड होता म्हणतात. १९५५ मध्ये ब्रुकलिनने एकदाची वर्ल्ड सिरीज जिंकली, ती बरीचशी रिकीने जमवलेल्या खेळाडूंच्या जिवावर.

पिट्सबर्ग पायरेट्समध्ये मात्र पाच वर्षं धुळधाण. १९५२ मध्ये ४२ विजय, ११२ पराभव. राल्फ काइनर हा त्यांचा एकुलता एक तारा, त्याही वर्षी होमरनमध्ये (आपला षटकार समजा) लीगमध्ये अव्वल. पगाराची बोलणी करायला गेला तर रिकीने पगार कापला. वर म्हणाला, तुझ्यासकट आम्ही शेवटचे आलो, तुझ्याशिवायही येऊ. हा किस्सा काइनरच पुढे आयुष्यभर हसत सांगायचा.

त्याच पडत्या काळात दोन गोष्टी झाल्या. नोव्हेंबर १९५४ मध्ये एका नियमाखाली डॉजर्सच्या छोट्या संघातला २० वर्षांचा पोर्तो रिकन पोरगा पायरेट्सने ४ हजार डॉलरला उचलला. रोबेर्तो क्लेमेंते. पोरगं ठेवलेलं होतं माँट्रियललाच, रिकीच्या जुन्या शेतात. १९६० मध्ये पायरेट्स वर्ल्ड सिरीज जिंकले तेव्हा रिकी तिथे नव्हता, त्याचं पीक होतं.

दुसरी गोष्ट हेल्मेट. फलंदाजांनी डोक्यावर कडक टोपी घालायची, ही सक्ती त्याने पायरेट्सवर केली. प्रेक्षक हसायचे, खाणकामगार म्हणायचे. डोकी वाचली. आणि शंकासुर, तुम्ही विचारायच्या आत सांगतो, हेल्मेट बनवणारी कंपनी रिकीचीच होती.

शंकासुर | शुक्रवार, रात्री ११:२०

:)) नाही, आता काही विचारायचं उरलंच नाही.

चिंचपोकळी लोकल | शनिवार, सकाळी ८:१५

हेल्मेटवर लोक हसले हे वाचून गंमत वाटली. आमच्या मैदानात पहिल्यांदा एकजण हेल्मेट घालून आला तेव्हा त्याला पूर्ण सीझन 'स्कूटर कुठं लावली' विचारत होतो. तो आज आमच्यातला एकमेव, ज्याचे पुढचे दात स्वतःचे आहेत.

शेवटी रिटायर झाला का हा माणूस?

ओट्यावरचा | शनिवार, दुपारी १२:३०

कुठला. वयाच्या ७७ व्या वर्षी, १९५९ मध्ये, कॉन्टिनेंटल लीग नावाच्या तिसऱ्या मोठ्या लीगचा अध्यक्ष झाला. डॉजर्स आणि जायंट्स कॅलिफोर्नियाला निघून गेले होते, न्यूयॉर्कला एकच क्लब उरला होता. ही लीग एकही सामना न खेळता १९६० मध्ये गुंडाळली गेली. पण तिच्या धाकाने जुन्या दोन लीगांनी दारं उघडली, आणि १९६२ मध्ये न्यूयॉर्क मेट्स आणि ह्यूस्टनचा संघ जन्माला आले. मग पुन्हा सेंट लुइसला सल्लागार म्हणून आला आणि स्टॅन म्यूझियलसारख्या दैवताने आता थांबावं असं सुचवून गावभर शिव्या खाल्ल्या. एक वर्ष आधी विकलेला बरा, हे सूत्र तो ८१ व्या वर्षीही विसरला नव्हता, फक्त स्वतःला लावत नव्हता.

१३ नोव्हेंबर १९६५ ला मिझुरी राज्याच्या क्रीडा सन्मानयादीत त्याचा समावेश होणार होता. आजारी होता, दवाखान्यातून उठून कोलंबिया गावी गेला. भाषणाला उभा राहिला, विषय धैर्य. बायबलातली एक गोष्ट सांगायला घेतली आणि मध्येच, पुढे बोलता येईलसं वाटत नाही, असं काहीसं म्हणत कोसळला. शुद्धीवर आलाच नाही. ९ डिसेंबरला गेला.

बे एरिया काकू | शनिवार, रात्री ८:५०

एफा मॅनलीवर वेगळा धागा काढा ना कुणी. शंकासुर, तुम्हीच.

शंकासुर | शनिवार, रात्री ९:३५

काढतो. दिवाळीनंतर. तिने रिकीला कसं धुतलं तिथून सुरू करतो, म्हणजे ओट्यावरचा पहिला प्रतिसाद द्यायला धावत येईल.